अठ्ठ्याण्णव टक्के

दर सोमवारी अकरा वाजता वाचनालयाच्या मॅडमना फोन करायचा आणि कपाटांचं काम कुठवर आलंय ते सांगायचं, एवढंच काम फर्निचर कारखान्याच्या मॅनेजरकडे होतं. पहिल्याच सोमवारी त्याने घोळ घातला. लाकूडसुद्धा आलेलं नव्हतं, पण तसं सांगायला जीभ रेटेना, म्हणून तो म्हणाला, "सत्तर टक्के झालंय, मॅडम."

एकदा सत्तर म्हटल्यावर पुढच्या सोमवारी साठ कसं म्हणणार? मग अठ्ठ्याहत्तर झाले, पंच्याऐंशी झाले. लाकूड आलं ते ओलं निघालं, कापायचं यंत्र बिघडलं, आकडा मात्र चढतच राहिला. नव्वदीनंतर मॅनेजरने हात आखडता घेतला. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव पूर्णांक पाच.

"साहेब, शंभर झाल्यावर काय सांगणार?" मिस्त्रीने रंधा थांबवून विचारलं. "इथं जेमतेम चाळीस टक्के झालंय."

"तू गप काम कर रे!"

अठ्ठ्याण्णवच्या सोमवारी मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "वा! मग उद्या उद्घाटनाच्या पत्रिका छापायला देते."

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. डबा न उघडताच तो वाचनालयात पोचला. आत छतापर्यंत पुस्तकांची खोकी रचलेली होती. त्यांतल्याच एका खोक्यावर एक आजोबा हातावर हात ठेवून बसले होते.

"तुम्हीच का ते कपाटवाले?" आजोबांनी हौसेने विचारलं. "कादंबरीचा पहिला भाग वाचून झालाय हो माझा. दुसरा सगळ्यात खालच्या खोक्यात आहे. दोन महिने झाले, तो खुनी कोण तेच कळेना!"

मॅनेजरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांची नजर चुकवत तो मॅडमच्या टेबलापाशी गेला. "मॅडम, पत्रिका छापू नका. मी खोटं बोललो. मला फार लाज वाटतेय. काम चाळीसच टक्के झालंय."

मॅडमनी शांतपणे वही उघडली. "म्हणजे वीस."

"वीस नाही हो, चाळीस!"

"तुमच्या आकड्याचं आम्ही पहिल्या सोमवारपासून निम्मंच धरतो. अठ्ठ्याण्णव म्हणालात, मी एकोणपन्नास लिहिलं. आज वीस? केलेली कपाटं परत मोडताय की काय?"

"पण पत्रिका...?"

"कसल्या पत्रिका? तसं म्हटल्याशिवाय तुम्ही आला असतात का इथं?"

मॅनेजरचे कान तापले. "आईशप्पथ सांगतो, मॅडम, आजचा आकडा खरा आहे."

"शप्पथ तुम्ही पंच्याऐंशीलाही घेतली होती. आमच्या अध्यक्षांना रिपोर्ट जायचाय. नीट काय तो आकडा सांगा, तेवढा लिहून टाकते."

त्याने एकवार मागे पाहिलं. आजोबा कान टवकारून ऐकत होते. मॅनेजरने मान खाली घातली.

"ऐंशी," तो पुटपुटला.

"हं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत चाळीस लिहिलं.