पागधरे मावशींचा काटा

आमच्या हॉस्टेलमध्ये परदेशातून मुलगी आली की मी पासपोर्ट मागते आणि पागधरे मावशी तिला वजनकाट्यावर उभी करतात. काटा मासळी तोलायचा, लोखंडी, त्यांच्या दांडी गावाहून टेम्पोत घालून आणलेला. नवरा गेला, होडी विकली, पण काटा मावशींनी कुणाला दिला नाही.

पालघरजवळच्या या कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकायला बाहेरदेशच्या मुली येतात. मी ऑफिसात, मावशी स्वयंपाकघरात. दर महिन्याच्या एक तारखेला वजन! आकडे दारामागच्या भिंतीवर खडूनं. अर्धा किलो जरी घटला, तरी ठरलेला प्रश्न : "वजन कुठं सांडलंस गो? तुज्या आयशीला मी काय तोंड दाखवू?"

एकदा मी केळव्याला भावाच्या लग्नात अडकले. नेमका तेव्हाच शिष्यवृत्तीवाल्यांचा प्रगती अहवालाचा फॉर्म आला. मावशींनी तो भरून, शिक्का मारून धाडूनही दिला. प्रत्येकीच्या नावापुढे 'प्रगती : दोन किलो', 'प्रगती : दीड किलो'. एकीपुढे तर 'भात टाकते. समज द्यावी.' खुलासा लिहिता लिहिता माझी पुरेवाट झाली. मावशींना मात्र त्यात काय चुकलं ते आजतागायत कळलेलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, टांझानियाच्या नीमाचं बिनसलंय हे त्या काट्यालाच आधी कळलं. दुसऱ्या वर्षी ती दोन महिन्यांत चार किलो उतरली. मावशींनी तिला समोर बसवून वदवून घेतलं : गणितात नापास, पुन्हा नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद, आणि सामान बांधून घरी.

दुसऱ्या दिवशी मावशी थेट स्टाफरूममध्ये. गणिताचे सर म्हणाले, "मला वेळ नाही." मावशी म्हणाल्या, "मना हाय," आणि तिथंच फतकल मारून बसल्या. तासाभरात सर शरण आले.

मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात शिकवणी. सर पाटावर, नीमा पोत्यावर, मावशी बोंबील साफ करत. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण सरांनी मान डोलावली की नीमाच्या ताटात तांदळाची भाकरी पडायची. सर शाकाहारी, बिचारे नाकाला रुमाल लावून शिकवायचे. नीमा पास झाली. पुढच्या वर्षी पदवीही मिळाली.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी, तरी मावशींनी तिला काट्यावर चढवलंच. गेलेले चारही किलो परत आले होते. मावशी खूश. तेवढ्यात नीमानं त्यांचा हात धरला. "मावशी, आता तू."

इतक्या वर्षांत हे आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. मावशी 'नाय नाय' करत चढल्या. एकेचाळीस. नीमानं पुन्हा बघितलं. एकेचाळीसच.

"मावशी, वजन कुठं सांडलंस?"

मावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सुट्टीत तुमी पोरी जाता. एकटीसाठी कोण चूल पेटवतो, बाय?"

नीमा रडली. मग खडू घेऊन तिनं भिंतीवर 'मावशी ४१' लिहिलं आणि बजावलं, "एक तारखेला मी फोन करणार."

तेव्हापासून एक तारखेला नीमाचा व्हिडिओ कॉल येतो. मी फोन काट्यासमोर धरते. बेचाळीस, त्रेचाळीस... या महिन्यात पंचेचाळीस! तिकडे नीमानं टाळ्या वाजवल्या.

फोन बंद झाला. मावशींनी हळूच कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला, मग पदराआडून खलबत्ता काढला. लोखंडी खलबत्ता!

"मावशी, हे काय?"

"मॅडम, सांगू नका तिला. ऐकून पोर तिकडं जेवायची नाय."

हॉस्टेलला सुट्टी लागलेली, चूल थंड. मी माझा डबा आणला, झाकणात अर्धी भाजी काढली आणि दरडावलं, "बसा."

वाद न घालता त्या बसल्या.