मोहितेकाका आणि एक्स-रेची खोली

खंडेनवमीला कोणी तलवारीची पूजा करतं, कोणी गाडीची, कोणी शिवणयंत्राची. आमचे मोहितेकाका सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनची करतात. म्हणजे मशीन ज्या खोलीत आहे, त्या खोलीच्या कुलपाची. मशीन आलं त्या दिवशी पुढारी आले, हारतुरे झाले, फोटो निघाले. मशीन चालवणारा माणूस नेमायचा तेवढा राहून गेला. तेव्हापासून खोली बंद. काका कुलपाला हळदकुंकू वाहतात, कडीत झेंडूची माळ अडकवतात आणि पायरीवर नारळ फोडतात. कंपाउंडर वैतागतो, "काका, ये अस्पताल है, मंदिर नहीं!" काका त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवतात. "अस्पताल असतं तर इलाज झाला असता, भिया. इथं नुसतं दर्शन होतं. मतलब मंदिरच झालं ना?"

मी साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आलो आणि परदेशीपुऱ्यात काकांच्या शेजारी भाड्यानं राहिलो. काकांचे पूर्वज इंदूर संस्थानच्या फौजेत होते. काका स्वतः कापड मिलच्या स्टोअरमध्ये होते. पुढे मिल बंद पडली आणि फौजेचं रक्त रिकामं बसलं. ते दवाखान्याच्या कामी आलं.

"बजट गया किधर, भिया?" हा त्यांचा आवडता प्रश्न. तो ते पोहेवाल्याला विचारतात, सत्यनारायणाच्या भटजींना विचारतात. एका लग्नात नवऱ्या मुलाचे वडील आरोग्य खात्यात आहेत असं कळलं, तर काकांनी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन भर पंगतीत त्यांनाच विचारलं. ते गृहस्थ मठ्ठा प्यायला म्हणून जे उठले ते विहिणीच्या खोलीतच जाऊन बसले.

गल्लीत कोणी शिंकलं की काका हजर. "चला दवाखान्यात." प्रायव्हेटचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. "तुम्ही तुकोगंजच्या बड्या दवाखान्यांत गेलात की हे लोक वर सांगतील, इथं पेशंटच येत नाहीत. मग टाळा लावायला किती देर?" म्हणून ते धडधाकट माणसांनाही रांगेत उभं करतात. माझा पाय मुरगळला तेव्हा मलाही नेलं. डॉक्टरांकडे दुसऱ्या केंद्राचाही चार्ज होता, त्यामुळे ते नव्हते. कंपाउंडरनं पांढरी गोळी दिली. माझ्या पुढच्या बाईला खाज सुटली होती, तिलाही पांढरीच दिली. काका समाधानानं म्हणाले, "बघा सर, भेदभाव नाही."

मी हसलो, पण घरी येईपर्यंत डोकं तापलं. आमच्या गल्लीत रस्त्यावर कागद पडला तर तो न्यायला गाणं वाजवत गाडी येते. चौकाचौकात रोषणाई आहे, भिंतींवर चित्रं आहेत. दवाखान्याच्या कमानीला तर दर वर्षी नवा रंग. आत खोकल्याचं औषध मात्र "पुढच्या हप्त्यात". नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! एवढा पैसा आहे, मग छातीतला कफ काढायचा म्हटलं की नेमका कसा संपतो?

छातीचं आठवायला कारण होतं. काकूंना दिवाळीपासून खोकला लागला होता. शांत बाई, खोकतानाही पदर तोंडाशी धरून, आपला कोणाला त्रास नको अशा बेतानं खोकायच्या. डॉक्टर एकदाचे भेटले, म्हणाले, छातीचा एक्स-रे काढा. काका उजळले. "आता तर ऑपरेटर द्यावाच लागेल त्यांना! चिठ्ठीवर लिहिलंय डॉक्टरनी." ते रोज सकाळी त्या खोलीसमोरच्या बाकावर जाऊन बसू लागले. काकूंचा चेहरा उतरत चालला. एक दिवस मी भांडलोच. "काका, पुरे झालं. काकूंना तुकोगंजला न्या."

"मीच गेलो तर इथं कोण थांबेल, सर?"

"काकूंचं काही झालं तर?"

काका चपला घालून दवाखान्यात निघून गेले. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

मग माझी दाढ दुखायला लागली. तिचा फोटो काढायला मी तुकोगंजच्या एका सेंटरमध्ये गेलो. गुळगुळीत फरशी, थंड हवा, काचेच्या पेटीत मासे. कोपऱ्यातल्या सोफ्यावर एक गृहस्थ हेल्मेट घालून बसले होते. काच खाली, हनुवटीचा पट्टाही आवळलेला. मासेसुद्धा त्यांच्याकडे बघत असावेत. चपला ओळखीच्या वाटल्या.

"काका?"

हेल्मेट दचकलं. आतून बारीक आवाज आला. "गल्लीत सांगू नका हां, सर. लोक तिकडे जायचं सोडतील."

मी शेजारी बसलो. काकू आत एक्स-रेला गेल्या होत्या. काकांची उजवी मूठ गच्च मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून काळे मणी दिसत होते. आत जाताना मंगळसूत्र काढून ठेवायला सांगितलं होतं.

"लग्नापासून कधी काढलं नव्हतं तिनं," काका म्हणाले. "इथले डॉक्टर छाती तपासून म्हणाले, पानी भर गया है, अब तक कहाँ थे? काय सांगू त्यांना, सर? कुलपासमोर बसलो होतो?"

मला राग आला. काकांचा नाही. ज्यांनी त्या मशीनला हार घालून फोटो काढून घेतले आणि जे मग पुन्हा तिकडे फिरकले नाहीत, त्यांचा आला. या माणसानं त्यांच्या दवाखान्यावर त्यांच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला, आणि शरमेनं तोंड लपवून तोच बसला होता. त्यांच्यापैकी एकाचंही तोंड मी कधी झाकलेलं पाहिलं नाही.

दार उघडलं. काकू भिंतीला धरून बाहेर आल्या. मोकळ्या गळ्यावर त्यांनी पदर ओढून घेतला होता आणि लोकांसमोर त्यांना कुठं बघावं कळत नव्हतं. काका लगबगीनं उठले. मंगळसूत्राचा आकडा काही केल्या बसेना. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली होती.

काकांनी हेल्मेट काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि सगळ्यांच्या देखत, डोळे पुसत, ते काकूंच्या मागे उभं राहून आकडा लावत राहिले.