खाटेवरचे परीक्षक

फायनलच्या प्रॅक्टिकल परीक्षेला आमच्या मेडिकल कॉलेजात चार परीक्षक असतात. पाचवे नाना. चौघं खुर्चीवर बसतात, नाना खाटेवर उताणे झोपतात.

नाना म्हणजे आमची 'केस'. त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नसे, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला फुस्सकन आवाज यायचा. इतका स्वच्छ मर्मर अख्ख्या जळगाव जिल्ह्यात दुसरा नाही, असं आमचे सर एकदा बोलून गेले आणि नानांनी ते गावभर केलं. परीक्षा आली की आम्ही फोन करायचा आणि नानांनी धरणगावहून पहिल्या एसटीनं हजर व्हायचं. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, अंगात पुढून पूर्ण उघडणारा सदरा. हा सदरा त्यांनी खास परीक्षेसाठी शिवून घेतलाय.

मार्क आम्ही देतो तसे नानाही देतात, दहापैकी. हात चोळून गरम न करता छातीला लावला, दोन गेले. तपासून झाल्यावर बटणं न लावता पळाला, तीन गेले. मी विद्यार्थिनी असताना मला साडेपाच मिळाले होते. आता मी तिथंच मेडिसिन शिकवते, तरी दर परीक्षेला नाना साऱ्यांच्या देखत सांगतात, "मॅडमले साडेपाच शेतस. हात निस्ता बरफ!"

पोरगं नापास होणार असं दिसलं की मात्र त्यांचा जीव कळवळतो. डोळे मिटून पुटपुटतात, "खाले लाव... आजून खाले... आते काखकडे." एकदा धुळ्याहून आलेल्या परीक्षकांनी पकडलं.

"नाना, परीक्षा कोणाची आहे?"

"परीक्षा त्यानी शे, सायेब. पन छाती मनी शे!"

आता आमची मार्क द्यायची रीत सांगते, म्हणजे नाना किती कडक ते कळेल. आमचे काही इंटर्न परदेशात रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करतात. त्यांच्याबद्दल कॉलेजला मूल्यमापनाचं पत्र द्यावं लागतं. ज्ञान, संवाद, रुग्णाबद्दल आस्था असे रकाने असतात आणि आम्ही सगळीकडे 'उत्कृष्ट' लिहून मोकळे होतो. आमच्या पत्रांवर विश्वास ठेवायचा तर निम्मी बॅच पहिल्या पाचात येते. गेल्या वर्षी चोपड्याच्या केतकीचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मार्क मधलेच, पदक एकही नाही, अमेरिकेला जायचं मात्र पक्कं. चार वेळा 'उत्कृष्ट' लिहिलं असतं तर पोरगी त्या ढिगात हरवली असती. दुसरं काय लिहावं हे मला सुचेना.

त्याच महिन्यात नाना वॉर्डात भरती झाले, या खेपेला खरेखुरे आजारी. चार पावलं चाललं तरी दम लागायचा. झडप बदलली नसती तर पुढची परीक्षा त्यांना दिसली नसती. नाशिकला ऑपरेशन ठरलं आणि नाना हटून बसले. "नही म्हंजे नही." सरांनी समजावलं, मी चिडले, पण नाना ढिम्म. चौथ्या दिवशी बघते तर संमतीपत्रावर सही!

"नाना, हे कसं झालं?"

"ती केतकी शे ना, तिनी माले इचारं, नाना, भ्याव कसानं वाटस?"

"मग?"

नाना पंख्याकडे बघत म्हणाले, "मी सांगं, झडप बदली तं आवाज जाई. मंग माले परीक्षाले कोन बलाई? घरवाली गयी, पोरंसोरं नही. घरमा माले कोनी इचारत नही, जेवनात का, झोप येस का. आठे दवाखानामा बठ्ठा इचारतस."

साडेपाच सुद्धा जास्तच होते मला. केतकी मात्र हसली नव्हती की रागावली नव्हती. ओपीडीतून तिनं धातूची झडप बसवलेला एक पेशंट शोधून आणला आणि स्वतःचा स्टेथोस्कोप नानांच्या कानाला लावला. टिक्, टिक्, टिक्. "हाई केस तं आजून भारी शे, नाना," ती म्हणाली होती.

"मग तिला किती मार्क?" मी विचारलं.

"दहा. आजपावत कोनलेच दिधात नही."

मी येऊन ते पत्र काढलं आणि 'उत्कृष्ट' न लिहिता घडलं तसं लिहिलं. खाली जोडलं, 'आमच्या सर्वांत जुन्या परीक्षकांनी हिला दहापैकी दहा दिले आहेत.' केतकीची तिकडे निवड झाली. पत्रामुळे की तिच्या कर्तबगारीमुळे, देव जाणे. श्रेय मात्र मी घेऊन टाकलं.

यंदाच्या परीक्षेला नाना आले ते टिकटिकतच. एका मुलानं हात चोळले, छाती तपासली, बटणं लावली आणि विचारलं, "नाना, घरी कोण कोण असतं?"

"एक आंडेर शे," नाना म्हणाले. "डॉक्टर शे. अमेरिकाले ऱ्हास. दर रईवारले फोन करस. पहिले इचारस, जेवनात का?"

मुलानं कागदावर लिहिलं, 'मुलगी – एक.'

माहिती साफ चुकीची होती. माझा पेन मार्क कापायला कागदावर टेकलासुद्धा. नाना खाटेवरून माझ्याकडेच बघत होते. मी पूर्ण मार्क दिले.