कामिनीच्या धंद्याला नानांचा हातभार

नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, हे भाषण चुडामण नानांनी फैजपूरच्या एकूण एक मंडळात ठोकलं होतं. (स्वतः जन्मभर तहसील कचेरीत कारकुनी केली, ते भाषणात येत नसे.) म्हणून बी.एस्सी. होऊन घरी बसलेली त्यांची कामिनी जेव्हा म्हणाली, "नाना, मी केयीचे वेफर्स करून विकते," तेव्हा नानांना घामच फुटला. भाषण लोकांच्या पोरांसाठी असतं. शेवटी तडजोड झाली. धुळ्याच्या दुकानदाराची पहिली ऑर्डर नीट गेली तर धंदा, नाहीतर कामिनीने मुकाट्याने तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं.

पण पोरगी जिद्दीची. केळीच्या मळ्यात जाऊन तिने स्वतः निवडून हिरवेगार कच्चे घड आणले, मागच्या खोलीत रचले, भट्टी-कढई जमवली. तिची धावपळ बघून नाना आतून पार विरघळले, पण तोंडाने कबूल करतील तर ते नाना कसले!

कामिनी आणि तिची आई बेबाबाई, दोघी मायलेकी चार दिवस लग्नाला मुक्ताईनगरला गेल्या आणि नानांना वाटलं, पोरीच्या धंद्याला आपलाही हातभार लागावा. पैशाचा नको (पेन्शनवर त्यांचा फार जीव), निदान खोली तरी मंगल करावी. त्यांनी गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद टाकला. पवित्र धूर वाया जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावल्या, फटींत जुनी धोतरं कोंबली. सकाळ-संध्याकाळ, अगदी नेमाने.

लग्नाहून परतल्या परतल्या बेबाबाईंना अंगणातच गोड वास आला. खोलीचं दार उघडलं तर सगळे घड पिवळेधमक. वेफर्सला लागतं कच्चं केळं, आणि इथे सत्यनारायणाच्या प्रसादाची तयारी.

"केयीवाल्याच्या घरात जल्मले न कच्च्या घडायले धुरी देल्ली?" बेबाबाई म्हणाल्या. "माह्या आज्याच्या वखारीत केये अशेच पिकवत."

कामिनी एकेक पिवळा घड उचलून बाहेर ठेवू लागली. ते नानांना जास्त लागलं. "परीक्षेचं राहू दे," ते हळूच म्हणाले. "चूक माझी आहे. तू धंदाच कर."

ती ऐकतच नव्हती. तिने एक केळं सोललं, खाल्लं आणि वर गच्चीकडे पाहिलं. आमचं वैशाखातलं ऊन म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांबरोबर माणूसही वाळतो. तिने केळ्यांचे उभे काप केले, गच्चीवर पसरले, वरून मच्छरदानी टाकली. काही दिवसांत मधाच्या रंगाची, चिवट-गोड सुकेळी तयार. मग धुळ्याच्या त्या दुकानदाराला, हितेंद्रशेठना, फोन करून जे झालं ते सरळ सांगितलं आणि नमुना एसटीने पाठवला. शेठचं उत्तर आलं, वेफर्स सगळेच देतात, ते सावकाश येऊ द्या, आधी ही सुकेळी आणखी पाठवा.

नानांना इतका अभिमान वाटला, की त्यांनी तो बसस्टँडपर्यंत जाऊन वाटला. पुढच्याच आठवड्यात कॉलेजात पुन्हा भाषण, या वेळी पोरीच्या उदाहरणासकट. एका विद्यार्थ्याने विचारलं, मग ताईंनी किती जणांना नोकरी दिली?

"सध्या एकालाच," नाना म्हणाले आणि चहा न घेताच उठले. गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकायची त्यांची ड्यूटी सुरू व्हायची होती. अजून प्रोबेशनवर होते, आणि कामिनीची एकच अट होती, कामावर उदबत्तीसुद्धा पेटवायची नाही.