नेच्यांची मोहीम, अर्थात मोरीमागील मुलूख राखिल्याची हकिकत

श्रीसिद्धेश्वर प्रसन्न. शके अठराशे सत्त्याण्णव, मुक्काम सोलापूर, भवानी पेठ, येथील मिलचे हिशेबनीस राजमान्य राजेश्री नागनाथराव यांनी सदाहरित नेचे जगविले, ते वर्तमान जैसे घडले तैसे, कोणाची अब्रू न झाकता, लिहिले असे.

चैत्रमासी रावांची खाशी स्वारी महाबळेश्वरी गेली आणि तेथे झालरीसारख्या पानांचे, बारा मास हिरवे नेचे पाहून मोहित जाहली, आणि कुंड्या मांडीवर घेऊन एस्टीने परतली, मग घरामागे मोरीलगत लिंबाच्या सावलीत त्यांचा तळ दिला. तो मुलूख राणीसाहेब रुद्राणीबाईंनी सरपणास नेमिलेला. त्या गरजल्या, "फूल न्हाय, भाजी न्हाय, मग ही हायेत कशाला?" मग मसलत होऊन तह ठरला की, दिवाळीस नेचे हिरवे दिसल्यास मुलूख रावांचा, न दिसल्यास सरपणाचा.

वैशाखी ऊन चालून आले, तेव्हा रावांनी चादर भिजवून कुंड्यांवर डेरा उभारिला. राणीसाहेबांचे फर्मान सुटले, "माझ्या आईनं चादर जावयाला दिलीया, झाडाला न्हाय!"

ज्येष्ठात रावांनी पान उलटिले, तों पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. गनीम दबा धरून बसला ऐसे जाणून राव खवळले, आणि ओल्या फडक्याने एकेक ठिपका पुसून कत्तल केली, आणि फडके मोरीच्या भिंतीवर झटकून, मिशीवर हात फिरवून चहा प्याले. मग विजयाच्या भरात मायेने कुंड्यांत इतके पाणी ओतिले की मुळे कुजोन अवघी फौज गारद जाहली.

दिवाळीचे पहाटे बंबाची लाकडे रचण्यास जागा पाहिजे म्हणोन राणीसाहेब सरपणाचा भारा घेऊन मुलूख काबीज करण्यास निघाल्या, तों मोरीच्या ओल्या भिंतीत, विटांच्या सांदीसांदीतून, इवले इवले नेचे हिरवेगार डोलत होते. ते ठिपके गनीम नव्हते, नेच्याचे बियाणेच होते, आणि फडके झटकिले तेथेच रुजले, हे रावांस तत्क्षणी उमगले, परंतु मुद्रा ढळू दिली नाही.

"अहो, ही कुणी लावली हितं?"

"आम्ही."

"आन् कुंड्यांतली मारली कुणी?"

"तीही आम्हीच."

राणीसाहेब हसल्या, आणि भारा उचलोन बंबापाशी नेला. येणेप्रमाणे मुलूख रावांचा जाहला, चादर मात्र जप्त जाहली. मारिले ते आपले, जगले तेही आपले; जमाखर्च बरोबर असे.