जन्मस्थळाचं तिकीट

उबाल्डो तार्केत्ती तिकीट काढायला तयार नव्हता.

"मी जन्मलोय इथे!" तो खिडकीतल्या इलारियाला म्हणाला. "स्वतःच्या घरात शिरायला कुणी तिकीट काढतं का?"

इलारियाने जांभई आवरली. सातशे वर्षं चाललेलं हॉस्पिटल बंद पडून त्याचं म्युझियम झालं होतं आणि शहरातलं चाळिशीपुढचं जवळजवळ प्रत्येक माणूस इथेच जन्मलेलं होतं.

"काका, सवलत विद्यार्थ्यांना आहे. जन्मलेल्यांना नाही."

बायकोने, नेरीनाने, निमूटपणे पर्स उघडली. उबाल्डोने ती मिटली. बुटांचं दुकान सांभाळून उरलेला सगळा वेळ तो शहराचा अभिमान बाळगण्यात घालवी. असा प्रसंग तो वाया कसा जाऊ देणार? त्याची म्हातारी आई, अर्जेंतीना, मागे काठीवर रेलून उभी होती. तिला फक्त भिंतींवरची चित्रं बघायची होती.

"बरोबर बोलतोय तो!" रांगेतून फोस्को न्हावी ओरडला. "माझं अपेंडिक्स इथेच काढलं. म्हणजे माझा थोडा भाग आधीच आत आहे. उरलेल्याचंच काय ते घ्या!"

"आणि माझे टॉन्सिल्स?" एक बाई किंचाळली.

मग रांगेत कुणाचं काय काय आत राहिलं याची चढाओढ लागली. मागच्या जर्मन पाहुण्यांना वाटलं, जुन्या काळचं नाटक सुरू झालं. ते फोटो काढू लागले.

गलका ऐकून संचालक बेनुच्ची धावत आले. सभ्य, सडपातळ माणूस. दोष एकच, फ्लोरेन्सचा. ज्या फ्लोरेन्सने लढाईत हरवलं म्हणून हे शहर कित्येक शतकं रुसून बसलं होतं, तिथला.

"वा!" उबाल्डो गरजला. "आता फ्लोरेन्सवाले आम्हाला आमच्याच घरात तिकीट विचारणार!"

बेनुच्चींनी रांगेकडे पाहिलं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि हात टेकले. "ठीक आहे. इथे जन्मलेल्यांना आज मोफत."

टाळ्या पडल्या. तेवढ्यावर उबाल्डो थांबता तर तो उबाल्डो कसला! बेनुच्चींसकट सगळी वरात घेऊन तो थेट वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या जुन्या दालनात गेला आणि चित्रांकडे पाठ करून उभा राहिला. म्हातारीला चित्रांऐवजी नेमका तोच दिसत होता.

"हीच ती जागा!" त्याने छाती ठोकली. "याच खिडकीखाली मी पहिला श्वास घेतला! इथे पाटी लागली पाहिजे!" पुढे शहराचा इतिहास, बुटांचा दर्जा आणि पूर्वजांचं शौर्य झालं. दालनात म्हातारीला बसायला एकही खुर्ची नव्हती. "फ्लोरेन्समध्ये माणसं जन्मत नाहीत, साहेब. हिशेब करत बाहेर पडतात!"

"इथे नाही," अर्जेंतीना म्हणाली.

"कोपरा चुकला असेल, आई."

"कोपरा नाही रे. गाव." तिने काठी सावरली. "तुझ्या बापाला मॅच बघायची होती. मी आठव्या महिन्यात, तरी नेलं फ्लोरेन्सला. गोल झाला आणि माझ्या कळा सुरू झाल्या. तिथल्या नन्सनी सोडवलं मला. घरी आलो तसं बापाने तुझी नोंद इथली करून टाकली आणि मला शपथ घातली."

फोस्को एक पाऊल मागे सरकला. कालपर्यंत तो उबाल्डोची दाढी करत होता. आता त्याच्याकडे संशयाने बघू लागला. बेनुच्चींचे मात्र डोळे पाणावले. त्यांनी सर्वांसमक्ष उबाल्डोला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. "गाववाले! आधी सांगायचंत ना!"

उबाल्डो खाली उतरला आणि मान खाली घालून पूर्ण तिकीट काढून आला. परत येईपर्यंत गर्दी पांगली होती. म्हातारी नेरीनाचा हात धरून चित्रं बघत होती, अगदी निवांत.

"आई," तो तिच्यासमोर येऊन कुजबुजला, "खरं सांग. फ्लोरेन्समध्ये झालो मी?"

"बाजूला हो," अर्जेंतीना म्हणाली. "मधे येतोयस."