दोन खणांची गाडी

"मिक्सर घेताना एक दुकान दाखवलंत. एकच. तेसुद्धा बस चुकली म्हणून," लतिकाताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या.

त्या कुणाशी बोलत नव्हत्या, कोथिंबिरीला सांगत होत्या. पण लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोथिंबिरीला सांगितलेलं सगळ्यांनाच ऐकू जातं. पलंगावर फुलस्केप कागद पसरून बसलेल्या शरच्चंद्र प्रधानांनाही ते गेलं.

"घोडी म्हणजे काय मिक्सर आहे?"

"तेच म्हणते मी. मिक्सर जन्मभर घरात राहायचा होता. घोडीला एकदाच जायचंय, आणि गाडी एका दिवसाच्या भाड्याची. तिला तीन महिने?"

शरच्चंद्र 'उतरण', म्हणजे घोडी चढवायची फळी, या रकान्यात काहीतरी लिहीत होते.

शरच्चंद्र गोदीतल्या एका गोदामात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गोदाम त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. माल ठेवायच्या जागेत स्वतः उभं राहिल्याशिवाय, दार लावून घेतल्याशिवाय पाहणीच्या कागदावर सही करायची नाही, हा त्यांचा तिथला नियम. तो त्यांनी घरी आणला. मुलाचं, वरदचं, कपाट घेताना ते परळच्या दुकानात कपाटात शिरून दार लावून उभे राहिले होते. बराच वेळ बाहेर येईनात, तेव्हा दुकानदारानं चहा आतच दिला होता.

आता प्रश्न होता चिमणीचा. चिमणी म्हणजे रामू परबची पांढरी घोडी. नाव चिमणीचं, अंग कपाटाचं. गिरणी बंद पडल्यावर रामूनं लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचा धंदा धरला, त्यातली ही शेवटची. वय बावीस. चाळीतले सगळे नवरदेव तिच्या पाठीवर बसून गेले होते, वरदसकट. वरद घाबरून तिच्या मानेला मिठी मारून बसला होता आणि चिमणीनं त्याला बँडच्या आवाजातही सांभाळून नेलं होतं, हे लतिकाताई अजून सुनेला सांगतात.

चाळीसमोर नवी इमारत उभी राहिली. चाव्या हातात आल्या, अर्धं सामान वर गेलं. सोमवारी चाळ पडायची होती आणि चाळीमागची चिमणीची शेडही. चौदाव्या मजल्यावर घोडी नेता येत नाही, म्हणून ती रामूच्या साडूकडे, अजितकडे, पेणजवळच्या आंब्याच्या बागेत जाणार होती. साध्या टेम्पोत ती एकदा पाय घसरून पडली होती, तेव्हापासून टेम्पो दिसला की ती जागची हलत नसे. म्हणून घोड्यांसाठी असतो तसा ट्रेलर हवा. तो निवडायचं काम चाळीनं सेक्रेटरी म्हणून शरच्चंद्रांवर सोपवलं.

शरच्चंद्र महालक्ष्मीला रेसकोर्सच्या फाटकाबाहेर उभे राहिले, पुण्याच्या घोडेवाल्यांना फोन केले. प्रत्येक मालकाला एकच विचारलं, तुम्ही ट्रेलरमध्ये आधी काय बघता? एक म्हणाला, खाली रबर हवा. दुसरा म्हणाला, हवा खेळली पाहिजे, पण डोळ्यांवर झोत नको. तिसरा म्हणाला, कडी बाहेरून हवी, घोडं हुशार असतं, आतून उघडतं. सगळं रकान्यांत उतरलं.

मग रामूला दाखवायचं. रामू ट्रेलरभोवती एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, "भाऊ, उतरण लय चढाची आहे." पुढच्या वेळी पत्रा वाजायचा. त्याच्या पुढच्या वेळी कडी खुळखुळायची. चार ट्रेलर नापास झाले. चाळीला वाटायचं रामू चिकित्सक आहे. शरच्चंद्र म्हणायचे, चला, आपल्यासारखा कुणीतरी आहे. रामूच्या बायकोला, शेवंतीला, काय वाटायचं ते कुणी विचारलं नाही. ती चौदाव्या मजल्यावरच्या स्वतंत्र मोरीबद्दल बोलायची. सार्वजनिक नळावर उभं राहून तिची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे तिच्या मोरीबद्दल सगळे आदरानं ऐकून घेत.

चिमणी गेल्यावर रामूचं काय होणार, हा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. तो निघेलसं वाटलं की कुणीतरी उठून चहा टाकायचं.

रविवारी सकाळी नऊ वाजता पाचवा ट्रेलर चाळीच्या फाटकात आला. पुढे पिकअप गाडी, मागे जोडलेला पांढराशुभ्र ट्रेलर, आत मधे पत्र्याची आडभिंत घातलेले दोन खण.

"घोडी एक, खण दोन?" लतिकाताईंनी विचारलं.

"तोल राहतो."

"एक खण रिकामा ठेवून तोल?"

शरच्चंद्रांनी कागद उलटला.

ड्रायव्हर गौतम पंचविशीतला, भलताच सज्जन. शरच्चंद्रांनी त्याच्या हातात अकरा नियमांचा कागद दिला आणि मोठ्यानं वाचून घेतला. नियम तीन : ट्रेलरवर दोन थापा पडल्या की गाडी काढावी. नियम सहा : वाटेत थांबू नये. नियम सात : आतून कसलाही आवाज आला तरी दार उघडू नये, जनावर सुरुवातीला लाथा मारतंच. नियम नऊ : गाडी चालवताना फोन घेऊ नये.

"पाठ झालं," गौतम म्हणाला आणि जाऊन स्टिअरिंगवर बसला.

खाली निरोपाची तयारी होती. शेवंतीनं चिमणीला कुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. शरच्चंद्रांनी फोन लतिकाताईंच्या पर्समध्ये टाकला. आत मधेच वाजला तर पत्र्याचा आवाज नीट ऐकू येणार नाही, म्हणून.

"रामू, तू घोडीच्या खणात उभा राहा. मी या खणात. स्वप्नील, उतरण वर घे आणि कडी लाव. आतून कसं वाटतं ते बघायचं, मग सही."

स्वप्नील हा रामूचा पुतण्या. त्यानं उतरण वर घेतली, ती दार होऊन बसली. बाहेरून कडी लावली, कडीत खीळ घातली. कडी अजिबात खुळखुळली नाही.

आत शरच्चंद्रांनी समाधानानं मान हलवली. पत्रा पोकळ आहे की भरीव, एवढंच राहिलं होतं. त्यांनी वरच्या झरोक्यापाशी, जिथे अस्तर नव्हतं तिथे, हाताच्या पंजानं पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गौतमनं गाडी काढली.

फाटकाबाहेर पडेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही. बायकांनी सवयीनं हात हलवले. स्वप्नील चपला टाकून मागे पळाला. गौतमला तो आरशात दिसला. घोडीवर केवढी माया या लोकांची, असं वाटून गौतमला गलबलून आलं, आणि त्यानं नियम सहा आठवून वेग वाढवला.

चाळीच्या अंगणात चिमणी गळ्यातला झेंडू खात उभी होती.

"अगो बाई, मग गेलं कोण?" शेवंती म्हणाली.

लतिकाताईंनी नवऱ्याला फोन लावला. तो त्यांच्याच काखेत वाजला. रामूकडे फोन नव्हताच. मग गौतमला लावला. गौतमनं नियम नऊ पाळला.

आत अंधार होता, वर एक अरुंद झरोका तेवढा. दिवा होता, पण बटण बाहेर होतं. शरच्चंद्रांनी आधी हाका मारल्या, मग दार ठोठावलं, मग लाथ मारली. रस्त्यावरच्या हॉर्ननं घोडी दचकू नये म्हणून त्यांनीच आतून जाड अस्तर असलेला ट्रेलर पास केला होता. आतला आवाज बाहेर जातो का, असा रकाना कागदावर नव्हता.

"रबर चांगलाय," पलीकडच्या खणातून रामू म्हणाला. त्याच्या नाकासमोर गवताची जाळी डुलत होती.

"तू घाबरला नाहीस?"

"घाबरून काय करू? पेणलाच चाललोय ना."

गाडी वळली. दोघांनी आडभिंत धरली.

"भाऊ," रामू म्हणाला, "त्या पहिल्या ट्रेलरची उतरण चढाची नव्हती."

"माहीत आहे. मी मोजली होती."

"मग कागदावर नापास कशाला लिहिलंत?"

रामूबरोबर रोज संध्याकाळी शेडसमोरच्या बाकड्यावर बसायची शरच्चंद्रांना एकोणचाळीस वर्षांची सवय होती, आणि त्याला रकाना नव्हता.

"रबर कोपऱ्यात जरा उचललाय का बघ," ते म्हणाले.

"अंधारात?"

"हातानं बघ."

शीवच्या सिग्नलला गाडी थांबली. शेजारी स्कूटरवर एक बाई होत्या. त्यांनी सहज वर पाहिलं, तर ट्रेलरच्या झरोक्यातून चार बोटं बाहेर आली होती आणि आतून कुणीतरी बारीक, सभ्य आवाजात म्हणत होतं, "अहो ताई, जरा ऐकता का."

त्या बाईंनी सिग्नल सुटायची वाट पाहिली नाही. स्कूटर तशीच टाकून त्या हवालदाराकडे गेल्या.

हवालदारानं गौतमला खाली उतरवलं.

"आत काय आहे?"

"घोडी. पेणला चाललीय."

"घोडी या बाईंना ताई म्हणाली."

गौतमनं कागद पुढे केला. "साहेब, नियम सात वाचा. आतून कसलाही आवाज आला तरी दार उघडू नये."

"कुणी लिहिलाय हा?"

"मी," आतून आवाज आला.

हवालदारानं खीळ काढली. उतरण खाली आली, अगदी अलगद, चढ मुळीच नाही. त्यावरून प्रधान हेडक्लार्क डोक्यात गवत घेऊन चालत उतरले. गौतम एवढंच म्हणाला, "दोन थापा. मी मोजल्या होत्या."

"बरोबर मोजल्यास," शरच्चंद्र म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

"आणि हे कोण?" हवालदारानं आत बोट दाखवलं.

रामू घोडीच्या खणात तसाच उभा होता. उतरायचं नावच नाही. गवताच्या जाळीवर हात ठेवून त्यानं विचारलं, "साहेब, इथनं पेण किती लांब?"

मागे हॉर्न सुरू झाले.

"रामू," शरच्चंद्र हळूच म्हणाले, "घोडी घरी आहे."

"ता खरां," रामू म्हणाला आणि उतरला.

परतताना हवालदारानं तिघांना पुढेच बसवलं. माणसं मागे दिसली तर याद राखा, म्हणाला. लालबागपर्यंत गौतम दर सिग्नलला एकेकाला नजरेनं मोजत होता.

चाळीच्या फाटकात सगळे जमले होते. स्वप्नील अनवाणी धावत पार परळच्या नाक्यापर्यंत जाऊन आला होता आणि बादलीत पाय घालून बसला होता. आणि चिमणीची दोरी शेवंतीच्या हातात होती. इतक्या वर्षांत शेवंतीनं घोडीला कुंकू लावलं होतं, शिव्या दिल्या होत्या, दोरी मात्र कधी धरली नव्हती. आज तासभर तिनं धरली होती. झेंडू संपवून चिमणी आता तिचा पदर चघळत होती, आणि ती चघळू देत होती.

रामू सरळ चिमणीपाशी गेला. कपाळ तिच्या मानेला टेकवून उभा राहिला. चाळ दुसरीकडे बघू लागली. कुणी नव्या इमारतीच्या खिडक्या मोजल्या, कुणी स्वप्नीलचे पाय बघितले. शरच्चंद्रांनी खिशातून पेन काढलं, पाहणीच्या कागदावर धरलं आणि सही करायचे थांबले.

गौतम नियमांचा कागद घेऊन पुढे आला.

"आता एकदा नक्की सांगा. आत कोणाला घ्यायचं? माझी नोकरी जाईल."

लतिकाताईंनी पदर खोचला.

"मी जरा चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"चहा नको टाकू, लतिकावहिनी," शेवंती म्हणाली. "कोणीच नको टाकू."

लतिकाताई होत्या तिथे थांबल्या. शेवंतीनं दोरी गौतमच्या हातात दिली आणि जिन्याखाली बोट दाखवलं. तिथे एक जुनी हिरवी ट्रंक उभी होती, वर घडी घातलेली घोंगडी.

"घोडी एका खणात. दुसऱ्यात ती ट्रंक. परवाच भरून ठेवलीय मी. हे पुढे बसतील, तुझ्या बाजूला."

"शेवंते," रामू म्हणाला, "आणि तुझी मोरी?"

"मोरीत मी आंघोळ करीन. तुम्ही कशाला पायजे तिथे?" तिनं चिमणीच्या तोंडातून सुटलेला पदर पिळला. "ती गेली की ह्यांना जेवण जायचं नाय. आणि ह्यांचं न जेवलेलं ताट चौदाव्या मजल्यावर बसून बघायला मी तीस वर्षं नळावर उभी राह्यले नाय. मी येईन एसटीनं, मला वाटलं की." मग ती शरच्चंद्रांकडे वळली. "काय ओ प्रधानभाऊ, तीन महिने सगळे रबर बघताय, कडी बघताय. ह्यांचं तोंड बघितलंत काय कोणी? ह्यांना जायचंय तिच्याबरोबर."